नवजात बाळाच्या शरीरात औषध कसं पसरेल, हे कॉम्प्युटरवर काढताना: आधी व्हॉल्यूम, मग क्लिअरन्स

नवजात बाळांची पीबीपीके मॉडेलं (शरीराचे अवयव, रक्तप्रवाह, पाणी, चरबी धरून केलेली औषधाची मॉडेलं) तपासायला येतात त्यात दहातल्या सात-आठांत एकच गोष्ट झालेली दिसते. मोठ्या माणसाचं मॉडेल उघडलं, ७० किलोच्या जागी ३ किलो टाकलं, रन मारला, ग्राफ जुळला नाही, मग क्लिअरन्सचा (औषध शरीरातनं किती वेगाने साफ होतं त्याचा) आकडा वरखाली करत बसले आणि शेवटी रेषा ठिपक्यांवरनं गेली की काम झालं. काम झालेलं नसतं. औषध किती जागेत पसरतंय, म्हणजे व्हॉल्यूम, हेच चुकलेलं असतं आणि ती चूक क्लिअरन्सच्या आड लपलेली असते, पुढचं बाळ दोन आठवडे आधी जन्मलेलं निघालं की सगळं कोसळतं.

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. उदाहरण सगळीकडे जेंटामायसिनचं घेतोय. नवजात बाळांच्या जंतुसंसर्गात ते जगभर दिलं जातं, यकृतात तुटत नाही, किडनीतनं जवळजवळ जसंच्या तसं बाहेर पडतं, प्रोटीनला फारसं चिकटत नाही आणि पेशींच्या आत सहज शिरत नाही. म्हणजे पसरण्यातली चूक लपायला इथे जागाच कमी, शिकायला याच्याइतकं चांगलं औषध नाही.

एक सांगून ठेवतो, हे सगळं अभ्यासाची आणि डोस-योजनेची तयारी म्हणून आहे. पाळण्यातल्या बाळाचा डोस त्याचे डॉक्टर ठरवतात, रक्तातली पातळी बघून.

टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी कागदावर. उदाहरणार्थ, "३२ आठवड्यांनी जन्मलेल्या, ३ दिवसांच्या बाळाला किलोमागे ५ मिलिग्रॅम शिरेतनं दिलं तर प्लाझ्मातली वरची पातळी किती येईल?" यात गर्भवय आहे, जन्मानंतरचं वय आहे, मार्ग आहे, डोस आहे आणि कुठली पातळी हवी तेही आहे (प्लाझ्मा म्हणजे रक्तातल्या पेशी सोडून उरलेला पातळ भाग). प्लाझ्माऐवजी मेंदूतल्या पाण्यातली पातळी हवी असेल तर मॉडेलची रचनाच बदलते, अर्ध्या कामानंतर ते लक्षात आलं तर परत पहिल्यापासनं.

टप्पा २: बाळाची दोन घड्याळं वेगळी ठेवा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो म्हणून इथे जरा थांबतो.

गर्भवय म्हणजे पोटात किती आठवडे होतं ते. जन्मानंतरचं वय म्हणजे बाहेर आल्यापासूनचे दिवस. दोन्हींची बेरीज म्हणजे एकूण वय. आता दोन बाळं बघा, एक २८ आठवड्यांनी जन्मलं आणि आज १२ आठवड्यांचं आहे, दुसरं पूर्ण दिवस भरून आजच जन्मलं. दोघांचं एकूण वय ४० आठवडे. पण पहिल्याची किडनी तीन महिने बाहेरच्या जगात काम करतेय, दुसऱ्याची आत्ता कुठे सुरू झालीय, आणि अंगातलं पाणीही दोघांचं सारखं नाही. एकूण वयाचा एकच कॉलम ठेवलात तर मॉडेलला ही दोन बाळं जुळी वाटतात.

आठवड्यांचा अपूर्णांक तर दर वेळी कोणीतरी चुकतंच. केसपेपरवर "२८+३" लिहिलेलं असतं ते २८ आठवडे ३ दिवस, म्हणजे २८.४३ आठवडे. ते शीटमध्ये २८.३ म्हणून टाकू नका. "३१+६" चं ३१.६ केलंत तर जवळजवळ दोन दिवस गेले.

वजनं पण तीन असतात. जन्माचं, आजचं आणि डोस ज्याच्यावर काढला ते. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत पूर्ण दिवसांच्या बाळाचं वजन साधारण ५ ते १० टक्के उतरतं, आणि ते मुख्यतः पेशीबाहेरचं पाणी असतं, म्हणजे नेमकं तेच पाणी ज्यात आपलं जेंटामायसिन फिरतं. बऱ्याच एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) बाळ परत जन्माच्या वजनावर येईपर्यंत डोस जन्माच्या वजनावरच काढतात. मग मॉडेलमध्ये डोस मिलिग्रॅममध्ये द्या, जसा प्रत्यक्ष दिला तसा, आणि शरीर आजच्या वजनाचं उभं करा. "किलोमागे ५" असं देऊन मोकळं झालात तर कुठल्या किलोमागे हे सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने ठरवतं.

तपासा: गर्भवय, जन्मानंतरचे दिवस, जन्माचं वजन, आजचं वजन, असे चार वेगळे कॉलम आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: औषधाची माहिती गोळा करा आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कुठला ते लिहा

रेणूचं वजन, चरबीत विरघळण्याची ओढ, आम्ल-अल्कधर्म स्वभाव, प्लाझ्मात मोकळा (प्रोटीनला न चिकटलेला) राहणारा भाग आणि रक्त-प्लाझ्मा गुणोत्तर (सगळ्या रक्तातली पातळी भागिले प्लाझ्मातली), इतकं तर लागतंच. जेंटामायसिन हे एकच रसायन नसून जवळच्या काही रेणूंचं मिश्रण आहे, आणि बाटलीत ते सल्फेट असलं तरी डोस मूळ बेसमध्ये मोजतात, हे बघून घ्या, नाहीतर सुरुवातीलाच डोस चुकतो.

मोकळ्या भागाबद्दल नीट. बाळाच्या प्लाझ्मात अल्ब्युमिन (औषधं ज्याला चिकटतात ते मुख्य प्रोटीन) कमी असतं, मोठ्यांत लिटरमागे ४० ते ४५ ग्रॅम तर पूर्ण दिवसांच्या बाळात ३० ते ३५ च्या आसपास, अपुऱ्या दिवसांच्या बाळात त्याहून कमी. असंच दुसरं प्रोटीन, अल्फा-वन ॲसिड ग्लायकोप्रोटीन, तर मोठ्यांच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी. त्यामुळे मोठ्यांचा मोकळा भाग तसाच्या तसा उचलायचा नाही. नेहमीचं सूत्र असं:

बाळाचा मोकळा भाग = १ ÷ [१ + (बाळाचं प्रोटीन ÷ मोठ्यांचं प्रोटीन) × (१ − मोठ्यांचा मोकळा भाग) ÷ मोठ्यांचा मोकळा भाग]

समजा मोठ्यांत ५ टक्के मोकळं आहे आणि प्रोटीनचं गुणोत्तर ३०/४५, तर बाळात ७.३ टक्के येतं, म्हणजे जवळजवळ दीडपट. पण मोठ्यांत ९० टक्के मोकळं असेल तर बाळात ९३ टक्के, काहीच फरक नाही. जेंटामायसिन या दुसऱ्या गटात बसतं म्हणून इथे डोकं खपवायची गरज नाही, पण घट्ट चिकटणारं औषध असेल तर हा टप्पा जीव लावून करा. आणि हे सूत्र फक्त प्रोटीन कमी आहे एवढंच बघतं, काविळीतलं बिलिरुबिन आणि रक्तातली फॅटी ॲसिडं औषधाला प्रोटीनवरनं ढकलतात ते यात येत नाही, त्यामुळे बाळाच्याच प्लाझ्मात मोजलेला आकडा मिळाला तर तोच वापरा.

रक्त-प्लाझ्मा गुणोत्तर लोक विसरतातच. नवजात बाळाचं रक्त घट्ट असतं, हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा वाटा) ५५ टक्क्यांच्या आसपास, मोठ्यांत ४५ च्या. लाल पेशीत न शिरणाऱ्या औषधाचं गुणोत्तर ढोबळमानाने १ वजा हिमॅटोक्रिट, म्हणजे मोठ्यांत ०.५५ आणि बाळात ०.४५. मोठ्यांचा आकडा तसाच राहून गेला असेल तर तो शोधायला नंतर फार वेळ जातो.

टप्पा ४: मोठ्यांचं मॉडेल आधी चालवून दाखवा

घाई असली तरी हा टप्पा गाळायचा नाही. मोठ्यांत शिरेतनं दिलेल्या डोसचा डेटा घ्या आणि तिथे मॉडेल जुळतं का बघा. तोंडाने दिलेल्या डोसवरनं सुरुवात करू नका, शोषणाची भानगड मध्ये येते.

टिश्यू-प्लाझ्मा गुणोत्तरं (अवयवात औषध प्लाझ्माच्या किती पट जमतं ते) काढायला सॉफ्टवेअरमध्ये तीन-चार पद्धती दिलेल्या असतात, पॉलिन-थील, रॉजर्स-रोलंड, श्मिट, बेरेझकोव्स्की वगैरे. यातली कुठली "बेस्ट" असं विचारू नका, औषधाचा स्वभाव बघा. जेंटामायसिनवर अनेक अमाइन गट आहेत, शरीरात त्यावर एकाहून जास्त धन भार असतात, आणि ही सूत्रं मुळात अशा रेणूसाठी बसवलेलीच नाहीत, डोळे झाकून लावली तर औषध पेशीत भरभरून शिरताना दिसतं. इथे पेशीच्या भिंतीतनं जाण्याचा वेग अगदी कमी ठेवून औषध पेशीबाहेरच्या पाण्यात राहू द्यायचं. किडनीच्या पेशी ते आत ओढून घेतात हे खरं आहे आणि शेवटची लांब शेपटी त्यातनं येते, पण प्रश्न पहिल्या डोसच्या वरच्या पातळीचा असेल तर त्यात आत्ता अडकू नका.

तपासा: मोठ्यांत व्हॉल्यूम किलोमागे ०.२५ लिटरच्या जवळ आला का? ०.६ किंवा १ आला असेल तर टिश्यूची पद्धत चुकलीय. ती इथेच दुरुस्त करायची, बाळात नाही.

टप्पा ५: बाळाचं शरीर उभं करा, मोठ्याला आखडून बाळ बनवू नका

पीके-सिम हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांची लोकसंख्या आहे, सिमसिपमध्येही आहे, पैसे भरावे लागतात. कुठलंही घ्या, पण आत काय आकडे भरलेत ते उघडून बघा.

मोठ्या माणसात शरीराच्या वजनाच्या साधारण ६० टक्के पाणी असतं, पूर्ण दिवसांच्या बाळात ७५ टक्क्यांच्या आसपास आणि फार लवकर जन्मलेल्यात ८० च्या वर. त्यातलं पेशीबाहेरचं पाणी मोठ्यांत वजनाच्या २० टक्के तर पूर्ण दिवसांच्या बाळात ४० ते ४५. चरबी पूर्ण दिवसांच्या बाळात १० ते १५ टक्के, पण २८ आठवड्यांच्या बाळात अगदीच थोडी. मेंदू मोठ्यांत वजनाच्या २ टक्के, बाळात १० टक्क्यांहून जास्त. स्नायू मोठ्यांत ४० टक्के, बाळात त्याच्या निम्म्याच्या आसपास. ७० किलोच्या माणसाचे अवयव ३/७० ने गुणले तर यातलं काहीच बरोबर येत नाही.

पाण्यात राहणाऱ्या औषधाला त्यामुळे बाळात किलोमागे जास्त जागा मिळते. चरबीत जाणाऱ्याचं इतकं सरळ सांगता येत नाही, चरबी कमी पण मेंदू मोठा, प्रोटीनही कमी, तिथे मॉडेललाच उत्तर काढू द्या. फेनोबार्बिटल या झटक्यांवरच्या औषधाचा व्हॉल्यूम मोठ्यांत किलोमागे ०.६ लिटरच्या आसपास आणि नवजात बाळात ०.९ ते १ धरतात, म्हणजे "पाण्यातलं औषध वाढतं आणि बाकीची नाही" असा सोपा नियमही लावू नका.

सिम्युलेशन दहा-पंधरा दिवसांचं असेल तर वयानुसार शरीर बदलू द्यायचा पर्याय सुरू करा. तो बंद राहिला तर बाळ पंधरा दिवस पहिल्या दिवसाचंच राहतं.

तपासा: सगळ्या अवयवांची बेरीज बाळाच्या वजनाइतकी येते का? अवयवांच्या रक्तप्रवाहांची बेरीज हृदयाच्या एकूण प्रवाहाइतकी येते का? हाताने एखादा अवयव बदलला की हे दोन्ही बिघडतं.

टप्पा ६: रन मारायच्या आधी हाताने हिशोब

मला विचाराल तर सगळ्या लेखातला हाच टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि दोन मिनिटांचा आहे.

वरची पातळी ≈ डोस ÷ व्हॉल्यूम. किलोमागे ५ मिलिग्रॅम दिलं आणि बाळाचा व्हॉल्यूम किलोमागे ०.४५ लिटर धरला तर ५ ÷ ०.४५, म्हणजे लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम. मोठ्यांचा ०.२५ तसाच राहिला असेल तर २०. म्हणजे मॉडेलने २० दाखवलं की समजायचं, आत कुठेतरी मोठा माणूस बसलाय. आणि ५ दाखवलं तर औषध पेशींत घुसतंय, टप्पा ४ ला परत जा.

सावधान: या जागी क्लिअरन्सला हात लावायचा नाही. डोस संपल्यानंतरच्या पहिल्या तासाभराची पातळी बहुतेक करून व्हॉल्यूम ठरवतो. ती चुकत असताना क्लिअरन्स वाढवलात तर वरचा बिंदू थोडासा खाली येईल आणि शेवटचे बिंदू जमिनीला टेकतील, मग ते वर आणायला अजून काहीतरी बदलाल, मग अजून काहीतरी.

टप्पा ७: आता क्लिअरन्स

जेंटामायसिन किडनीच्या गाळणीतनं जातं, म्हणून इथे गाळणीचा वेग वयानुसार कसा वाढतो तेवढं लागतं. २००९ साली आलेलं एक समीकरण खूप वापरलं जातं, त्यात एकूण वय ४७.७ आठवडे झालं की गाळणी मोठ्यांच्या निम्म्या क्षमतेला येते (वजनाचा हिशोब वेगळा), घातांक ३.४. त्यात ४० आठवडे टाकलं तर ३५ टक्के येतं, २८ आठवडे टाकलं तर १४ टक्के.

३ किलोच्या पूर्ण दिवसांच्या बाळाला हे लावलं, वजनाचा ०.७५ घातांक घेऊन, तर मिनिटाला ४ मिलिलिटर, म्हणजे तासाला किलोमागे ०.०८ लिटर मिळतं. पण पहिल्या एक-दोन दिवसांच्या बाळात जेंटामायसिनचा क्लिअरन्स साधारण ०.०५ च्या आसपास दिसतो. गडबड कुठे झाली? परत दुसरं घड्याळ. हे समीकरण फक्त एकूण वय बघतं, आणि जन्मानंतर पहिल्या दोन आठवड्यांत पूर्ण दिवसांच्या बाळाची गाळणी जवळजवळ दुप्पट होते ती उडी त्यात वेगळी नाही. म्हणून पहिल्या आठवड्याच्या बाळांसाठी जन्मानंतरच्या दिवसांचा परिणाम वेगळा घालायलाच हवा.

मग अर्धायुष्य (पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) तपासा: ०.६९३ × ०.४५ ÷ ०.०५, म्हणजे सहा तासांच्या थोडं वर. मोठ्यांत दोन-तीन तास असतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळात सहापेक्षा जास्त यायला हवं, कमी आलं तर काहीतरी उलटं झालंय.

आजारपण पण याच टप्प्यात. श्वास कोंडल्यामुळे ज्या बाळांना थंड ठेवून उपचार करतात त्यांचा क्लिअरन्स कमी होतो, हृदयाजवळची जन्मानंतरही उघडी राहिलेली डक्ट ही रक्तवाहिनी बंद करायला आयबुप्रोफेन किंवा इंडोमेथासिन चालू असेल तरी कमी होतो. अशा बाळांना "सर्वसाधारण" गटात मिसळू नका, वेगळा गट करा.

यकृतात तुटणारं औषध असेल तर प्रत्येक एन्झाइमचं वाढीचं वेळापत्रक वेगळं घालावं लागतं. कॅफीनचं उदाहरण पुरे आहे, मोठ्यांत अर्धायुष्य पाचएक तास आणि नवजात बाळात शंभर तासांच्या घरात, कारण ते तोडणारं मुख्य एन्झाइम जन्माच्या वेळी जवळजवळ नसतंच.

टप्पा ८: औषध खरंच कधी पोचलं ते शोधा

हे मी स्वतः चुकलोय. एका डेटात बाळांचा व्हॉल्यूम किलोमागे ०.७ लिटर येत होता आणि मी कितीतरी दिवस पाणी वाढव, टिश्यूची पद्धत बदल असं करत राहिलो. शेवटी तिथल्या एका सिस्टरला विचारलं की औषध नेमकं कसं देता, तेव्हा कळलं की चार्टवर पंप सुरू केल्याची वेळ आहे आणि नळीतलं उरलेलं औषध नंतर फ्लशने (नळी धुवायला सोडलेल्या द्रवाने) आत जातं. म्हणजे "वरच्या पातळीचं" रक्त घेतलं तेव्हा डोसचा बराच भाग अजून नळीतच होता. पातळी कमी, म्हणून व्हॉल्यूम फुगलेला. मॉडेलमध्ये काहीच चूक नव्हती.

बाळांत वेग इतका कमी असतो की हे मोठं होतं. नळीत १ मिलिलिटर जागा आणि पंप तासाला १ मिलिलिटर, तर औषध शिरेपर्यंत पोचायलाच एक तास. मोठ्यांत हे कोणी मोजतही नाही. म्हणून नळीचं आकारमान, पंपाचा वेग, फ्लश किती आणि किती वेळात, हे विचारून घ्या आणि इन्फ्युजनची सुरुवात-शेवट त्याप्रमाणे सरकवा.

मांडीत इंजेक्शन दिलं असेल तर शोषणाचा भाग जोडावा लागतो. आपल्याकडे हा मार्ग नुसता पुस्तकातला नाही, गडचिरोलीत सर्च या संस्थेच्या प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरीच नवजात बाळांना जेंटामायसिनची इंजेक्शनं दिली ती स्नायूतच. तिथे वरची पातळी थोडी उशिरा आणि थोडी खाली येते, शिरेतल्या मॉडेलचा आकडा तसाच वापरायचा नाही.

टप्पा ९: खऱ्या बाळांशी ताडून बघा

ज्या बाळांवर आकडे बसवले त्याच बाळांवर मॉडेल "सिद्ध" करू नका. थोडी बाळं आधीच बाजूला काढून ठेवा.

वयाचे गट पाडा. २४ ते ४२ आठवडे सगळी एकाच ग्राफमध्ये टाकली तर सरासरी सुंदर जुळते आणि २६ आठवड्यांचं बाळ त्यात हरवून जातं, आणि काळजी तर त्याचीच सगळ्यात जास्त असते.

"दुपटीच्या आत आलं म्हणजे चालेल" ही पट्टी खूप जण लावतात. जेंटामायसिनला ती सैल आहे. मॉडेल म्हणतं १० आणि खरी पातळी ५ असो की २०, दोन्ही पास होतात, पण एका बाळात औषध कमी पडतंय आणि दुसऱ्यात गरजेपेक्षा खूप जास्त जातंय. कान आणि किडनीला इजा करू शकणाऱ्या औषधाला कडक पट्टी लावा, आणि ती निकाल बघायच्या आधी लिहून ठेवा.

सुरुवातीचे बिंदू आणि शेवटचे बिंदू वेगवेगळे तपासा. सुरुवातीचे सगळे एकाच बाजूला चुकत असतील तर व्हॉल्यूम किंवा टप्पा ८, शेवटचे चुकत असतील तर क्लिअरन्स. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि का बदलली ते लगेच लिहा. कारण शरीरशास्त्रातनं सापडत नसेल, नुसतं ग्राफ जुळतोय म्हणून बदललं असेल, तर तो बदल मागे घ्या.

टप्पा १०: लिहून ठेवताना

अमेरिकेच्या एफडीएने आणि युरोपच्या ईएमएने (तिथल्या औषध-नियामक संस्थांनी) २०१८ मध्ये पीबीपीके अहवाल कसा लिहावा याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, कॉलेजच्या प्रोजेक्टलाही तीच चौकट घ्या. पण त्याच्याही आधी एक साधा तक्ता करा, त्यात प्रत्येक आकडा, तो मोजलेला की सूत्राने काढलेला की डेटावर बसवलेला, आणि बाळात बदलला की मोठ्यांचाच ठेवला. "मोठ्यांचाच ठेवला" या रकान्यात जेवढ्या ओळी येतील त्या एकेक करून २० टक्के वरखाली करून बघा. वरची पातळी ज्याने सगळ्यात जास्त हलेल त्या आकड्यासाठी बाळाचा खरा डेटा शोधायला पुढचा आठवडा द्या, आणि एनआयसीयूच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा ग्राफच्या आधी हा तक्ता समोर ठेवा, कारण त्यातली कुठली ओळ त्यांच्या वॉर्डातल्या बाळांना लागू नाही हे ते बघताक्षणी सांगतात.